समुद्रांतील कंचुकधारी प्राणी व त्यांची पारख

उष्ण कटिबंधांतील समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं एखादा मोठा दगड उलटून पाहिला, तर त्याच्या खालच्या अंगास पांढरे, नारिंगी, जांभळे असे मऊ पापुद्रे चिकटलेले आढळतात. पाहणारा त्यांस शेवाळ म्हणतो, किंवा फार झालें तर स्पंज म्हणून सोडून देतो. वस्तुतः त्यांपैकीं कित्येक पापुद्रे म्हणजे शेंकडों चिमुकल्या प्राण्यांचीं एकत्र वसलेलीं गांवेंच होत. या प्राण्यांस शास्त्रज्ञ ॲसिडियन असें म्हणतात. त्यांच्यापैकीं एकेकटा राहणारा मोठा प्राणी दाबला असतां पाण्याची पिचकारी मारतो. आजच्या पाठाचा विषय मात्र त्याचे वसाहत करून राहणारे भाऊबंद हा आहे.

वसाहतींतील प्रत्येक प्राण्यास जीवक म्हणतात. एका द्वारानें पाणी त्याच्या शरीरांत शिरतें, कल्ल्यांच्या पिशवीस असलेल्या बारीक फटींतून गाळलें जातें, व अन्नाचे कण मागें ठेवून दुसऱ्या द्वारानें बाहेर पडतें. बहुतेक वसाहतींत सर्व जीवक एकाच सामायिक आवरणांत रुतलेले असतात. हाच त्यांचा कंचुक. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींत असणारें सेल्युलोज या प्राण्यांच्या कंचुकांत सांपडतें, ही नवलाची गोष्ट आहे. त्याहून नवल त्यांच्या पिलाचें. तें बेडूकमाशासारखें पोहत असतें व त्याच्या शेपटींत पृष्ठरज्जु असतो, हें कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८६६ सालीं दाखविलें. तेव्हां हा निर्जीव भासणारा पापुद्रा स्पंजापेक्षां पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा, म्हणजे आपलाच, अधिक जवळचा आप्त ठरतो!

हें नातें ओळखण्यास काळ लागला. १७६६ सालीं पल्लास या विद्वानानें अशा एका वसाहतीस नांव दिलें, तेव्हां तिची गणना अल्सिओनियम या मऊ प्रवाळांच्या वंशांत केली. बाहेरून पाहतां तसेंच वाटतें. पुढें नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीबरोबर मिसर देशास गेलेल्या साविन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञानें वसाहतींतील जीवक वेगळे करून, चिरून, त्यांची आंतील रचना तपासली. एकेकट्या ॲसिडियनची रचना व या जीवकाची रचना मूलतः एकच आहे, असें त्यानें १८१६ सालीं सिद्ध केलें. ज्या डोळ्यांनीं हें सूक्ष्म काम केलें, त्यांस पुढें लौकरच असाध्य विकार जडला, व आयुष्याचीं अनेक वर्षें त्यास काळोखांत काढावीं लागलीं.

आतां पारख कशी करावी तें पाहूं. पहिली खूण मांडणीची. बॉट्रिलस या वंशांत जीवक एका सामायिक द्वाराभोंवतीं फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें बसतात, व ही चांदणी नुसत्या डोळ्यांसही दिसते. दुसरी खूण शरीराच्या भागांची. बॉट्रिलसचें शरीर अखंड असतें. क्लॅव्हेलिनाचे वक्ष व उदर असे दोन भाग पडतात. ॲप्लिडियममध्यें त्यांच्या मागें तिसराही भाग असतो, व हृदय त्या टोंकाच्या भागांत सांपडतें. तिसरी खूण कंटिकांची. डिडेम्निडी या कुलांतील बहुतेकांच्या कंचुकांत चुन्याच्या सूक्ष्म, तारकाकृति कंटिका असतात, व त्यांमुळें पापुद्रा पांढरा दिसतो. परंतु याच कुलांतील डिप्लोसोमा वंशांत कंटिका सहसा नसतात. यास्तव एकाच खुणेवर विसंबूं नये.

समजा, तीन पांढरे पापुद्रे टेबलावर ठेवले आहेत व तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्याच्या जीवकांत कल्ल्यांच्या फटींच्या तीन ओळी निघाल्या, तर तो ट्रायडिडेम्नम. उरलेल्या दोहोंत चार चार ओळी आहेत. पण एकांत शुक्रनलिका वृषणाभोंवतीं वेटोळें घालते, तो डिडेम्नम. दुसऱ्यांत ती सरळ जाते, तो लिसोक्लायनम. रंगानें जें सांगितलें नाहीं, तें एका बारीक नळीनें सांगितलें!

नमुना घेतांना प्राणी जिवंत असतांच रंग टिपून ठेवावा, कारण तो पुढें टिकत नाहीं. वसाहत समुद्राच्या पाण्यांत ठेवून वर मेंथॉलचे स्फटिक टाकावे, म्हणजे जीवक आंखडून न घेतां शिथिल होतात. मग फॉर्मालिनमध्यें ठेवावें. मात्र त्यांत टांकणखार घालावा, नाहीं तर आम्लानें कंटिका विरघळून मुख्य पुरावाच नाहींसा होतो.

इतक्या खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. कॅरिबियन समुद्रांत तिवरांच्या मुळांवर वाढणाऱ्या एक्टिनॅसिडिया टर्बिनेटा या वसाहतींत सांपडलेल्या द्रव्यापासून ट्रॅबेक्टेडिन हें औषध मिळालें, व कांहीं प्रकारच्या कर्करोगांवर तें देण्यास युरोपांत २००७ सालीं परवानगी मिळाली. नांव चुकलें असतें, तर तोच प्राणी पुन्हां शोधावयास गेलेला मनुष्य भलताच पापुद्रा घेऊन आला असता. अचूक नांव हा एका शोधकानें दुसऱ्याच्या हातीं दिलेला दिवाच होय.

बाहेरचें रूप पाहून निवाडा करूं नये, हा धडा आपण शब्बाथशाळेंत शिकतों. सृष्टिकर्त्यानें तोच धडा दगडाच्या खालच्या अंगासही लिहून ठेविला आहे. पुढील सुटींत कोंकणकिनाऱ्यास गेलां, तर दगड उलटून अवश्य पाहा. आणि पाहून झाल्यावर तो पूर्ववत् ठेवण्यास विसरूं नका, कारण त्याखालीं एक गांव नांदत असतें.