दोन संगणक, एक वही : पासवर्डऐवजी चावी वापरा



एक संगणक दुकानात आणि दुसरा कारखान्यात, अशी व्यवस्था आज अनेकांकडे आहे. दरपत्रक, नक्षीचे नमुने किंवा हिशेबाचा प्रोग्राम दोन्हीकडे लागतो. पेन ड्राइव्हने ने-आण करताना नव्या फाइलीवर जुनी चढते आणि गिऱ्हाइकाला जुना भाव सांगितला जातो. नुकसान आपलेच.

यावर 'गिट' हा मोफत प्रोग्राम उपयोगी आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो २००५ साली तयार केला. कोणी, केव्हा, काय बदलले, याची नोंद तो रोजमेळासारखी राखतो. या वहीला रिपॉझिटरी म्हणतात. मूळ वही कारखान्यातील संगणकावर 'गिट इनिट बेअर' या आज्ञेने उघडावी. दोन्हीकडे 'क्लोन' करून तिची प्रत घ्यावी व काम प्रतीतच करावे. कामाआधी 'पुल', काम नोंदवल्यावर 'पुश', हा शिरस्ता ठेवावा.

दुकानातून कारखान्यापर्यंतचा सुरक्षित रस्ता म्हणजे 'एसएसएच'. फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्डची चोरी झाल्यानंतर टाटू युलोनेन यांनी १९९५ साली तो तयार केला. कारखान्यातील संगणकावर ही सेवा चालू हवी. मात्र ती दर वेळी पासवर्ड विचारते. कंटाळून कोणीतरी तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो, आणि तिथेच धोका सुरू होतो. त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

१) दुकानातील संगणकावर 'एसएसएच-कीजेन' चालवा. दोन फाइली तयार होतील : एक खासगी चावी, दुसरी सार्वजनिक. खासगी चावीसाठी परवलीचे वाक्य मागितले जाईल. ती जागा रिकामी सोडू नका.

२) 'एसएसएच-कॉपी-आयडी' या आज्ञेने सार्वजनिक चावी कारखान्याकडे पाठवा. पासवर्ड शेवटचा एकदा द्यावा लागेल. तिथल्या 'ऑथोराइज्ड कीज' या फाइलीत एक ओळ वाढेल. ही आज्ञा उपलब्ध नसेल तर ती ओळ त्या फाइलीत हाताने उतरवा.

३) 'एसएसएच-एजंट' चालू करून 'एसएसएच-अ‍ॅड' या आज्ञेने चावी त्याच्या स्वाधीन करा. मग परवलीचे वाक्य काम सुरू करताना एकदाच द्यावे लागते.

सार्वजनिक चावी नावाने चावी असली तरी कामाने कुलूप आहे. ती कोणाच्या हाती पडली तरी दार उघडत नाही. खासगी चावी मात्र ईमेलने, मोबाइलवरून किंवा पेन ड्राइव्हने कोणालाही देऊ नये, भागीदारालाही नाही. प्रत्येक संगणकाची चावी वेगळी करावी. उद्या लॅपटॉप हरवला किंवा नोकर काम सोडून गेला, तर त्याची एक ओळ खोडली की पुरे. बाकीच्यांचे काम थांबत नाही. सगळीकडे एकच चावी असेल तर सगळीच कुलुपे बदलावी लागतील.

प्रत्येक ओळीच्या शेवटी संगणकाचे नाव आजच लिहून ठेवा. खोडायची वेळ येईल तेव्हा कोणती ओळ कोणाची, हे शोधत बसावे लागणार नाही.