वर्गातले गाणे : एका सत्राचा पाठ

संगीत ही गुरुमुखी विद्या, असे आपण नेहमी ऐकतो. मग फळ्यावर लिहून, दहा-बारा मुलांना एकाच वेळी गाणे शिकविता येते काय? बी. ए. ला संगीत विषय घेतला असल्याने हा प्रश्न माझ्यापुढे होताच. गेल्या सत्रात आमच्या वस्तीतील अकरा मुलांना आठवड्यातून तीन संध्याकाळी सूर-ताल शिकविताना तो अधिकच जवळचा झाला. त्या अनुभवातून जे उमगले, ते येथे मांडीत आहे.

गाणे वर्गात आले, ही गोष्ट फार जुनी नाही. पूर्वी विद्या घराण्यात आणि राजाश्रयात असे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना ती मिळविण्यासाठी महाराष्ट्रातून थेट ग्वाल्हेर गाठावे लागले. त्यांचेच शिष्य पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून गाण्याला वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा दिल्या. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून बंदिशी जमविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. आमच्या घरी गाणे म्हणजे भजनी मंडळाची खंजिरी; तंबोरा कधी आला नाही. अशा घरातील मुलीला भूपाची बंदिश वाचता येते, हे या दोघांचे ऋण होय.

परंतु वाचता येणे म्हणजे गाता येणे नव्हे. वर्गातील मुले भजनाच्या ठेक्यावर अचूक टाळ्या देत. तोच केरवा ‘धा गे ना ति, न क धि न’ असा मात्रा मोजून म्हणावयास सांगितला, की अडखळत. ठेका त्यांच्या हातात होता. त्याला आठ मात्रा असतात, पहिलीवर सम आणि पाचवीवर खाली येते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. शिक्षकाने पुष्कळदा नवे काही द्यावयाचे नसते. मुलाजवळ आहे त्याला नाव द्यावयाचे असते.

दुसरी गोष्ट स्वरलिपीच्या मर्यादेची. भूप आणि देसकार या दोन्ही रागांत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. सत्राच्या शेवटी मी दोन्ही रागांतील थोडे थोडे गाऊन दाखविले. तेव्हा एक लहान मुलगी म्हणाली, “ताई, पहिलं गाणं खाली बसते, दुसरं वर बसते.” भूप पूर्वांगप्रधान, त्याचा वादी गंधार, देसकार उत्तरांगप्रधान, त्याचा वादी धैवत. आम्ही हे परीक्षेसाठी पाठ करतो. तिला ते ऐकूनच कळले. म्हणून फळ्यावर एक ओळ लिहिली, तर ती दहा वेळा गाऊन दाखविली पाहिजे.

वर्गातून गवई निपजत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. त्याला आपल्या नागपुरातच उत्तर आहे. येथील शंकरराव सप्रे यांच्याकडे वसंतराव देशपांडे शिकले आणि सी. रामचंद्रही. एकाने पुढे अनेक गुरूंकडून विद्या घेऊन मैफल आणि रंगभूमी गाजविली. दुसऱ्याने ‘अनारकली’सारख्या (१९५३) चित्रपटांना संगीत दिले. धडे एकाचे, वाटा दोन! नागपूरचेच पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात वसंतरावांनी साकारलेले खाँसाहेब सदाशिवला विद्या नाकारतात; आणि तो त्यांच्या घरी नोकर म्हणून राहून चोरून ऐकतो, शिकतो.

त्या सदाशिवाला चोरून ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी वर्ग हवा. वर्गातून तानसेन निघेल अथवा न निघेल. दार सर्वांना उघडे राहते आणि कान तयार होतो. पुढची वाट ज्याची त्याने चालावयाची असते.