मथळा हलवला, पोटमथळा कोठे गेला?

समजा, कारेगावच्या परिसर-अभ्यासाची टिपणे तुम्ही संगणकावर पुढीलप्रमाणे मांडली आहेत :

* शेती
** पिके
** विहिरी
* कारखाने
** रांजणगाव औद्योगिक वसाहत

ही ‘ऑर्ग मोड’ची पद्धत. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ मध्ये ‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकासाठी ती तयार केली. एक तारका म्हणजे मुख्य मथळा, दोन म्हणजे पोटमथळा.

आता ‘कारखाने’ आधी हवे, म्हणून तेवढीच ओळ कापून सर्वांत वर चिकटवली तर काय होईल? औद्योगिक वसाहत ‘शेती’खाली जाईल! संगणक तक्रारही करणार नाही. कारण साधे आहे. पोटमथळा कोणाचा, हे फाइलमध्ये वेगळे नोंदलेले नसते. त्याच्या वर, सर्वांत जवळ, त्याहून कमी तारकांचा जो मथळा असेल, त्याचा तो.

यावर उपाय असा : कर्सर ‘कारखाने’वर ठेवा आणि ऑल्ट कळ दाबून वरचा बाण दाबा. मथळा आपल्या सर्व पोटमथळ्यांसह वर सरकेल.

कधी मथळा मथळाच वाटत नाही. तेव्हा दोन गोष्टी तपासा. तारकेआधी मोकळी जागा सुटली, तर ती ओळ यादीतील बाब ठरते. तारकांनंतर जागा सोडली नाही, तर तो साधा मजकूर ठरतो.

आता मूळ मांडणीत ‘कारखाने’पुढे एक तारका वाढवा. औद्योगिक वसाहत कोणाखाली जाईल? उत्तर आधी कागदावर लिहा, मग पडद्यावर पडताळा.