परदेशी सेवेस एकटे निघताना

वाचन : नहेम्या 1 व 2, एज्रा 8:21-34, फिलिप्पैकरांस पत्र 2:25-30

आपल्या मंडळ्यांतील काही तरुण मुले-मुली थोड्या महिन्यांकरिता परदेशी स्वयंसेवक म्हणून जातात. नर्सिंग झालेली मुलगी पूर्व आफ्रिकेतील एखाद्या मिशन दवाखान्यात जाते, बी.एड. झालेला मुलगा तेथील शाळेत शिकवावयास जातो. पगार नसतो, आणि बहुधा एकट्यानेच जावे लागते. निघण्यापूर्वीच्या रविवारी पाळकसाहेब त्यांच्यासाठी प्रार्थना करतात, स्त्रियांचा संघ हार घालतो, फोटो निघतो. त्याआधीचे तीन-चार महिने मात्र त्या मुलाने किंवा मुलीने कसे काढले, हे मंडळीत फारसे कोणी विचारीत नाही. आजचा पाठ त्या तीन-चार महिन्यांविषयी आहे.

नहेम्या हा शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडून वेशी जळाल्याची बातमी हनानीने त्याला किसलेव महिन्यात सांगितली. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. आणि राजापुढे शब्द काढला तो नीसान महिन्यात. मध्ये सुमारे चार महिने गेले. या चार महिन्यांत त्याने केवळ अश्रू गाळले असे आम्हांस वाटत नाही. कारण राजाने काय पाहिजे म्हणून विचारताच त्याचे उत्तर तयार होते. नदीपलीकडील अधिपतींच्या नावे पत्रे हवीत, म्हणजे ते वाट अडविणार नाहीत. राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्या नावे पत्र हवे, म्हणजे लाकूड मिळेल. ते लाकूड कशाकशासाठी, हेही त्याला ठाऊक होते : गढीच्या वेशींसाठी, तटासाठी, आणि आपण स्वतः राहणार त्या घरासाठी. हे शेवटचे आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. सेवेला जाणाऱ्याने ‘मी कोठे राहीन?’ असे विचारणे म्हणजे विश्वासाची कमतरता, असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. नहेम्याने ते राजाच्या तोंडावर विचारले.

राजाने त्याला उलट विचारले, किती दिवस लागतील, परत केव्हा येशील? त्याने मुदत सांगितली. आपल्या मुलांनीही बोलावणाऱ्या संस्थेकडून हे सारे लेखी घ्यावे : काम कोणते, मुदत किती, राहण्या-जेवण्याची सोय कोणाकडे, आजारी पडल्यास खर्च कोणाचा, परतीचे तिकीट कोण काढणार. ‘आल्यावर बघू’ असे उत्तर देणाऱ्या संस्थेकडे जाऊ नये. ‘स्वयंसेवेची संधी’ म्हणून आधी मोठी रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाची चौकशी पाळकांनी व पंचांनी स्वतः करावी. हा भार त्या पोरांवर टाकू नये.

पासपोर्टाची मुदत प्रवासानंतरही निदान सहा महिने शिल्लक असावी, असे अनेक देश पाहतात. व्हिसाच्या बाबतीत मात्र चूक होते. ‘पगार घेत नाही म्हणजे काम करीत नाही’ असे आपण समजतो, पण पुष्कळ देशांच्या कायद्यात बिनपगारी काम हेही कामच असते. केनियात धार्मिक व धर्मादाय कामाकरिता निराळा परवाना आहे. पाहुणा म्हणून जाऊन दवाखान्यात काम करणे हे खोटेच, आणि ते प्रभूच्या नावाने केले म्हणून खरे ठरत नाही.

आता एज्राकडे वळू. त्याने राजाकडे स्वार मागण्याची लाज धरली, कारण देव आम्हांस सांभाळील असे तो राजाला बोलून चुकला होता. म्हणून अहवा नदीजवळ त्याने उपास नेमला. नहेम्याबरोबर राजाचे सरदार व स्वार आले आणि तो त्यांच्यासह निघाला. दोघांपैकी कोण अधिक विश्वासू, असा वाद संडे स्कूलच्या वर्गात हमखास निघतो. शिक्षकांनी तो मिटविण्याची घाई करू नये. मात्र स्वार न मागणाऱ्या त्याच एज्राने सोने-रुपे निघताना तोलून याजकांच्या हवाली केले आणि यरुशलेमेस पोहोचल्यावर ते पुन्हा तोलून, मोजून, लिहून घेतले, हे वर्गाला अवश्य दाखवावे. मंडळीने वर्गणी काढून कोणाला पाठविले असेल तर हिशेब दोन्ही टोकांना लिहिलेला असावा. त्यात मागणाऱ्याने संकोच करू नये व देणाऱ्याने अपमान मानू नये.

पूर्व आफ्रिकेशी आपला संबंध जुना आहे. नाशिकजवळ शरणपूर येथे गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने शिक्षण दिले. अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकविले. तेथे शिकलेले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आदी 1864 साली मोंबासाजवळच्या रबाई येथे सेवेस गेले. शरणपूरचाच जेकब वेनराइट 1873 साली लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी त्याच्या तांड्यात होता. पुरण्याच्या वेळची उपासना त्याने वाचली, कारण त्याला वाचता येत होते. हातात एखादे पक्के काम आणि डोक्यात अक्षर असलेला माणूस परक्या मुलखात उपयोगी पडतो. निव्वळ उत्साहाला मात्र तेथील लोकांनाच सांभाळीत बसावे लागते.

भाषेचे म्हणाल तर स्वाहिली आपल्याला अगदीच परकी नाही. दुकानाला ‘दुका’, पुस्तकाला ‘किताबू’, बातमीला ‘हबारी’, आणि चपाती ती चपातीच! निघण्यापूर्वी शंभर शब्द पाठ करावेत. ‘असांते’ म्हणजे आभार, हा पहिला.

आरोग्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे चालढकल महाग पडते. केनिया, युगांडा या देशांत पीतज्वर आहे. त्याची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. 2016 सालापासून एकदा घेतलेले प्रमाणपत्र जन्मभर चालते. ते जपून आणावे. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरविणारा डास, म्हणजे आपला डेंग्यूचाच डास, घरोघरी आहे. म्हणून प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला परतताना सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांना अंडे सोसत नाही त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. हिवतापाच्या गोळ्या निघण्यापूर्वी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्या लागतात. उंचावरच्या नैरोबीत हिवताप कमी, व्हिक्टोरिया सरोवराकाठी पुष्कळ. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हेच सांगावे.

एकटे जाणाऱ्याने, विशेषतः मुलींनी, उतरल्यावर कोण घ्यायला येणार त्याचे नाव, फोन व ओळखीची खूण आधी मागवावी. पासपोर्ट ‘सांभाळण्यासाठी’ म्हणून कोणाच्याही स्वाधीन करू नये, मग तो संस्थेचा प्रमुख असो. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा आहे. त्याच्या नकला घरी व पाळकांकडे ठेवाव्यात आणि भारतीय वकिलातीत नाव नोंदवावे. मंडळीत एक घर असे नेमावे की जेथे ठराविक दिवशी फोन येईल, आणि न आल्यास तेथून चौकशी सुरू होईल. आईवडिलांना जे सांगवत नाही ते सांगता येईल असे ते घर असावे.

शेवटी एपफ्रदीत. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला देणगी देऊन कैदेतील पौलाकडे पाठविले. तो तेथे आजारी पडला, मरणास टेकला. त्याला दुखण्यापेक्षा अधिक लागले ते हे, की आपल्या आजाराची बातमी घरी पोहोचली आहे. पौलाने त्याला परत पाठविले आणि पत्रात लिहिले की, त्याचा आनंदाने स्वीकार करा, अशांना मान द्या. पौलाला हे लिहावे का लागले? मुदत न संपविता परतणाऱ्याकडे मंडळी कशा नजरेने पाहते हे तो जाणत असावा, असे आम्हांस वाटते. सहा महिन्यांसाठी गेलेली मुलगी आजारी पडून, किंवा काम सांगितल्याप्रमाणे नव्हते म्हणून, तिसऱ्या महिन्यात परत आली, तर चर्चच्या पायऱ्यांवर आपण काय बोलू? शिक्षकांनी हा प्रश्न वर्गाला विचारावा, मुलांना मोकळेपणी उत्तरे देऊ द्यावीत, आणि मग फिलिप्पैकरांस पत्राचे ते सहा चरण पुन्हा एकदा वाचावेत.