काडीमोड, घटस्फोट आणि वकिलाची निवड : एक तौलनिक टिपण

विवाह मोडण्याच्या क्रियेला मराठीत एकच एक शब्द नाही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी आणि घटस्फोट हे चार शब्द आज आपण एकमेकांऐवजी सर्रास वापरतो. परंतु त्यांच्या मुळाशी विवाह मोडण्याचा अधिकार कोणाचा, ह्याविषयीच्या निरनिराळ्या कल्पना आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हा अधिकार प्रायः न्यायालयाकडे नेला, बोलीने मात्र तो अद्याप पुरता सोडलेला नाही. कायदा आणि बोली ह्यांच्यामधील हे अंतर ओळखणे ही वकिलाची पहिली कसोटी होय, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

काडीमोड हा जातपंचायतीपुढील विधी. गवताची काडी मोडली की संबंध मोडला. साक्षी समाजाची, कागदाची गरज नाही. फारकत हा शब्द अरबी-फारसी दस्तऐवजी परंपरेतून आला. ‘फारिगखती’ म्हणजे मोकळीक दिल्याचा लेख, आणि भावाभावांच्या वाटणीलाही आपण फारकतच म्हणतो. सोडचिठ्ठीतही कागदच आहे, पण घरगुती. घटस्फोटाची कथा मात्र वेगळी आहे. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला वाळीत टाकण्याचा विधी होता. आप्तांच्या समक्ष दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावयाचा आणि त्या जिवंत माणसाला मृत मानावयाचे. प्रायश्चित्तानंतर त्याला परत घेण्याची सोय होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बहिष्काराचा हा शब्द पुढे पतिपत्नींच्या विभक्तीला लागला आणि विसाव्या शतकात कायद्याचा प्रतिष्ठित शब्द होऊन बसला. जुना अर्थ पुसला गेला असला तरी घटस्फोटितेकडे पाहणाऱ्या समाजाच्या नजरेत त्याचा अंश उरला नाही, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

तमिळमध्ये ह्याला लक्षणीय समांतर सापडते. रूढ शब्द ‘विवागरत्तु’ हा विवाह आणि रद्द ह्यांचा समास आहे. त्यातील ‘रत्तु’ म्हणजे आपलाच अरबी ‘रद्द’. अलीकडचा शुद्ध तमिळ शब्द ‘मणमुरिवु’ म्हणजे विवाहाचे मोडणे. त्यातील ‘मुरिवु’ आपल्या काडीमोडीतील ‘मोड’ची आठवण करून देतो. ‘अरुत्तुक्कट्टुदल’ ह्या जुन्या प्रयोगाचा अर्थ तोडून पुन्हा बांधणे असा आहे. तोडावयाची ती ताली, आणि ताली तोडणे ही तर वैधव्याची खूण. म्हणजे मराठीने बहिष्काराचा व तमिळने वैधव्याचा विधी उसना घेतला. विभक्तीसाठी दोन्ही भाषांना मृत्यूचीच प्रतिमा जवळची वाटली. ह्या पार्श्वभूमीवर कौटिल्याचा शब्द विलक्षण प्रसन्न वाटतो. तो विभक्तीला ‘मोक्ष’ म्हणतो. एकाचा द्वेष त्यास पुरेसा नाही, परस्परद्वेष असेल तर मोक्ष, आणि धर्म्य विवाहांना मोक्ष नाही, अशी त्याची व्यवस्था आहे.

इंग्रजी न्यायालयांनी ह्या बहुविध परंपरेस कात्री लावली. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली सांगितले. उच्चवर्णीय मानल्या गेलेल्या धर्म्य विवाहास तर शास्त्रातच सुटका नव्हती. रखमाबाईंच्या खटल्यात हा पेच साऱ्या देशासमोर आला. दादाजी भिकाजींनी १८८४ साली वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा लावला. अशा दाव्यास हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडच्या चर्चन्यायातून आलेला आहे, ही भूमिका न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी १८८५ साली मान्य केली. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये नांदावयास जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारा हा संस्कृतज्ञ ह्या बाजूस असावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कारण एका न्यायपरंपरेची कल्पना दुसरीत आणताना काय बिघडते, हाच त्या खटल्यातील वाद होता. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पण तो घटस्फोट नव्हता. दादाजींनी दुसरा विवाह केला. १९०४ साली ते वारल्यावर डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी विधवेचा वेष धारण केला.

पुढचा क्रम थोडक्यात सांगता येईल. बडोदे संस्थानात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली आणि मद्रास प्रांतात १९४९ साली हिंदूंसाठी विवाहविच्छेदाचे कायदे झाले. १९५५ साली देशव्यापी कायदा आला. त्यात परस्परसंमतीचे कलम १३-ब आले ते १९७६ साली. कौटिल्याच्या परस्परद्वेषाला संमतीचे सभ्य रूप मिळावयास इतका काळ लागला!

आता चेन्नईच्या उत्तर टोकाकडील एन्नोरकडे वळू. हे ठिकाण निवडण्याचे कारण असे की, शब्दांचा वरील गुंता तेथे एकाच वस्तीत पाहता येतो. कोसस्तलैयार नदीच्या मुखाशी मच्छीमारांची जुनी गावे आहेत. त्यांच्याशेजारी १९४८ पासूनचा मोटारकारखाना व २००१ पासूनचे बंदर आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील मच्छीमार गावांत कुटुंबातील तंटे ऊर-पंचायतीपुढे नेण्याची परंपरा आहे. समजा, अशा गावातील एखादी स्त्री वकिलाकडे येऊन म्हणते, ‘मला पंचायतीने सोडविले आहे.’ तिच्या दृष्टीने विवाह संपला. कायद्याच्या दृष्टीने काय? कलम २९(२) रूढीने मिळालेली सुटका राखून ठेवते; परंतु ती रूढी दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळली गेली, हे सांगणाऱ्याने सिद्ध केले पाहिजे. नुसता सोडपत्राचा कागद पुरत नाही. रूढी स्पष्टपणे मांडून शाबीत करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले आहे. ती शाबीत झाली नाही तर त्या स्त्रीचा दुसरा विवाह शून्य ठरतो. त्यातील मुलांना कलम १६ औरसपण देते, पण तिच्यावर द्विभार्या-द्विपतिबंदीखाली खटला होऊ शकतो आणि पोटगीचा हक्क धोक्यात येतो. एका शब्दाच्या चुकीच्या भाषांतराची किंमत ही अशी असते.

तमिळमध्ये वकिलास ‘वळक्करिञर’ म्हणतात. ‘वळक्कु’ म्हणजे खटला आणि ‘वळक्कु’ म्हणजे रूढी, प्रघातही. तेव्हा हा दोन्ही जाणणारा. आपला ‘वकील’ अरबी. तो प्रतिनिधी, पेशवाईत तर परदरबारी राहणारा दूत. घटस्फोटाच्या कामी ह्या दोन्ही अर्थांचा माणूस हवा, आणि तो ओळखण्याचा मार्ग म्हणजे तो पहिल्या भेटीत काय विचारतो हे पाहणे. विवाह कोणत्या विधीने झाला? तमिळनाडूत १९६७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-अ खाली पुरोहिताविना झालेला स्वाभिमान-विवाहही ग्राह्य आहे. तेव्हा सप्तपदी नव्हती म्हणून विवाहच नव्हता, असे सांगणारा वकील टाळावा. आधी पंचायतीत काही झाले होते काय? शेवटी एकत्र कोठे राहिलात? हा प्रश्न कामगारवस्तीत फार महत्त्वाचा. पती एन्नोरला नोकरीस आणि पत्नी सांगलीला माहेरी असेल, तर २००३ च्या दुरुस्तीमुळे तिला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो. आणि एका राज्यातील दावा दुसऱ्या राज्यात हलवावयाचा तर सर्वोच्च न्यायालयाकडेच जावे लागते. जो वकील हे न विचारता लगेच शुल्क आणि मुदत सांगतो, त्याच्याकडून फारशी अपेक्षा करू नये.

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. निकालावर अवलंबून शुल्क ठरविणेही निषिद्ध आहे. त्यामुळे निवड ऐकीव माहितीवर होते, हे खरे. परंतु वकीलपत्र म्हणजे जन्माची गाठ नव्हे. शुल्क थकले म्हणून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे २००० साली ठरले आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधिसेवा कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. कुटुंब न्यायालयाच्या १९८४ च्या कायद्यात तर वकील हा पक्षकाराचा हक्कच मानलेला नाही. न्यायालयाच्या अनुमतीने तो येतो. आरंभीचा हेतू पतिपत्नींनी आपल्याच शब्दांत बोलावे हा होता. प्रत्यक्षात वकिलांचाच वावर तेथे अधिक दिसतो.

साहित्याच्या अभ्यासकाला अर्ज हा वाङ्मयप्रकार म्हणूनही वाचण्यासारखा वाटेल. क्रूरतेचे परिच्छेद पुष्कळदा ठोकळेबाज असतात. नावे बदलली की तीच कथा. परंतु न्यायालय तपशील वाचते. १९७५ साली एका मराठी दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतिपत्नींची पत्रे बारकाईने तपासली, क्रूरता शाबीत धरली, पण नंतरच्या सहवासाने ती क्षमापित झाली, असाही निर्णय दिला. ‘त्यानंतर काय झाले?’ हा कथेतला साधा प्रश्न वकिलाने न विचारल्यास सारी मांडणी कोसळते, ती अशी.

कलम १३-ब खालील संयुक्त अर्जासाठी दोघांनी मिळून एकच वकील करण्याची प्रथा आहे. खर्च वाचतो, आणि हिशोब सरळ असेल तेथे त्यात वावगे नाही. मात्र ‘पुढील सर्व हक्क सोडले’ हे वाक्य मसुद्यात असेल, तर ज्याचे हक्क सुटतात त्याने ते स्वतःच्या भाषेत, दुसऱ्या वकिलाकडून समजून घ्यावे. सहा महिन्यांचा कालावधी २०१७ च्या निकालाने योग्य प्रकरणी माफ होऊ शकतो, त्यामुळे फेरविचाराचा अवकाश आता लहान झाला आहे. तथापि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते, हा १९९१ पासूनचा नियम अद्याप कायम आहे.