आधी मॅगझिन, मग स्लाइड

कराडजवळच्या आमच्या घरी दसऱ्याला पाटावर कोयता, खुरपी, विळी, ट्रॅक्टरचे पाने मांडले जायचे आणि या सगळ्यांच्या मध्ये आबांचं .३२ बोअरचं पिस्तूल. उसाला पाणी द्यायला रात्रीबेरात्री जावं लागायचं म्हणून त्यांनी तरुणपणीच परवाना काढला होता. वर्षातून एकदा, पूजेपुरतं ते कपाटाबाहेर यायचं.

तीन वर्षांपूर्वी आबांनी नेहमीसारखं ते ‘रिकामं’ केलं. आधी स्लाइड मागे ओढली. आतली गोळी टुणकन बाहेर पडली, ती त्यांनी उचलून खिशात टाकली. मग मॅगझिन काढून पाटावर ठेवलं. पिस्तूल रिकामं झालं असं समजून त्यांनी नळी जमिनीकडे केली आणि चाप ओढला. बार उडाला. फरशीचे तुकडे झाले आणि एक टवका वहिनींच्या पोटरीत घुसला. सहा वर्षांचा पुतण्या झेंडूची फुलं घेऊन हातभर अंतरावर उभा होता. कानात इतकी शिट्टी वाजत होती, की तो रडतोय हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

आबा निष्काळजी माणूस नव्हेत. त्यांचा फक्त क्रम चुकला. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की पहिली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी ती आतच राहते, आणि बहुतेक पिस्तुलं मॅगझिनशिवायही ती एक गोळी झाडतात. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची. ती मागेच धरून चेंबरमध्ये डोकवायचं आणि करंगळीचं टोक लावून बघायचं, कारण अंधुक उजेडात डोळे फसतात.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानंतर दादा म्हणाला, मला ते नको. शेती मी बघते, तेव्हा परवाना माझ्या नावावर करायचं ठरलं. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. मात्र त्यासाठी शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. कागद मिळाला की झालं, असंच माझ्याही मनात होतं.

आमचे प्रशिक्षक निवृत्त सुभेदार. पहिले दोन तास त्यांनी कुणाला पिस्तुलाला हात लावू दिला नाही. फळ्यावर चार गोष्टी लिहिल्या. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरा. ज्याचा जीव घ्यायचा नाही त्याच्याकडे नळी फिरवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते बघा. जेफ कूपर नावाच्या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने रूढ केलेले हे नियम जगभर शिकवतात. आबांकडून पहिला आणि तिसरा नियम मोडला होता. फक्त नळी खाली होती, म्हणून पुतण्या वाचला.

तुम्ही शिकायला जाल तिथे पहिल्या दहा मिनिटांत हातात पिस्तूल दिलं, तर परत फिरा, पैसे गेले तरी चालतील. एका प्रशिक्षकामागे किती जण गोळ्या झाडणार, हे आधी विचारा. आमच्या सुभेदारांनी एका वेळी एकालाच उभं केलं. त्याचं मोल मला दुपारी कळलं.

दुपारी मी दहा मीटरवरच्या कागदासमोर उभी राहिले. पहिल्या पाचही गोळ्या खाली डावीकडे गेल्या. सुभेदार काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये एक नकली काडतूस भरलं. त्याची पाळी आली तेव्हा नुसतं ‘टक’ वाजलं, पण माझ्या हातातली नळी मात्र चांगली दोन बोटं खाली गेली. आवाज होणार या धास्तीने मीच हात दाबत होते. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या साइटवर नजर ठेवून चाप सावकाश, एकसारखा दाबत राहायचा. बार कधी उडेल ते आपल्याला आधी कळता कामा नये.

हे जमायला लागलं आणि मी सैलावले. सातव्या की आठव्या गोळीला उडालेली पुंगळी माझ्या कुर्त्याच्या गळ्यातून आत गेली. चुलीवरून उतरलेल्या तव्याला बोट लागावं तसा चटका बसला. मी डावा हात गळ्यात घातला आणि किंचाळत वळले. उजव्या हातात पिस्तूल, त्यात दोन गोळ्या, बोट चापावर. मागच्या बाकावर तिघं बसली होती. त्यांतला एक मुलगा जेमतेम एकवीस-बावीसचा.

सुभेदारांनी माझं मनगट पकडून नळी समोर वळवली. "ताई, बोट काढा," ते इतकंच आणि अगदी हळू म्हणाले. मी बोट काढलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि खाली बसले. सकाळी तेच चार नियम मी न अडखळता म्हणून दाखवले होते. हाताला त्यांतला एकही ठाऊक नव्हता.

ते रागावले नाहीत. पाणी दिलं आणि मग रिकामं पिस्तूल हातात देऊन मला पुन्हा उभं केलं. मी नेम धरला की ते मागून माझ्या मानेवर ओल्या फडक्याचं पाणी पिळायचे. पाणी पडलं तरी नळी समोर, बोट बाहेर, पिस्तूल टेबलावर आणि मगच मान पुसायची. असं वीसेक वेळा केलं. पंधराव्या वेळेनंतर कुठे अंगाने दचकणं सोडलं. तुमचे प्रशिक्षक हे करून घेत नसतील तर आपण होऊन मागा.

बायकांनी तर ऐकाच. बंद गळ्याचा शर्ट घाला, साडी किंवा मोठ्या गळ्याचा कुर्ता नको. टोपी आणि चष्मा हवा, कारण पुंगळी डोळ्यावरही येते. कानांवर मफ हवेतच. त्या दसऱ्यानंतर आबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पकडताना डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आणू नका, मागे येणारी स्लाइड कातडी सोलते. चाप ओढून बार झाला नाही, तर नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबा, काही वेळा काडतूस उशिरा पेटतं. नुसता ‘फुस्स’ असा क्षीण आवाज आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तेव्हा पुढची झाडायचीच नाही. गोळ्यांतलं शिसं हाताला लागतं, म्हणून तिथे डबा उघडू नका, आधी साबणाने हात धुवा. गरोदर बाईने तर तिथे जाऊच नये.

पिस्तूल पाहून लोकांना राही सरनोबत आठवते. २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, याचा आम्हा सगळ्यांनाच अभिमान. मुलांना ती गोडी लागली असेल तर क्लबात एअर पिस्तूल शिकवा, नळीची आणि बोटाची शिस्त तिथेही हीच असते. पण वरातीत बार काढणाऱ्या पाव्हण्याचं कौतुक करू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर, हौसेपायी किंवा बेफिकिरीने गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरातलं शस्त्र एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा. आमच्याकडे किल्ली गव्हाच्या डब्यात असायची आणि ती कुठे आहे हे पुतण्यासकट सगळ्या घराला ठाऊक होतं. आता ती माझ्या गळ्यात असते. आणखी एक, हे मी हात जोडून सांगते. घरातलं कुणी कर्जाने, आजारपणाने, कशानेही खचलेलं दिसलं, तर कुलपावर विसंबू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करता येतं. निवडणुकीच्या आचारसंहितेत आपण ते बिनतक्रार जमा करतोच की. आपल्या माणसासाठीही करा.

यंदाच्या दसऱ्याला पिस्तूल पाटावर ठेवावं असं आबांना वाटत होतं. पुतण्याला वहिनींनी अंगणात नेलं. मी भिंतीकडे तोंड करून मॅगझिन काढलं, स्लाइड मागे धरली, आत पाहिलं, करंगळी लावली. मग तसंच धरून आबांपुढे केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि स्वतःची करंगळी आत घालून चाचपून बघितलं.

"आता ठेव," आबा म्हणाले.