सॅम मूल: उपचार फुकट, खर्च मजुरीचा

अंगणवाडी सेविकेने दंडाला पट्टी लावली, ती लाल रंगात गेली आणि वहीत ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित, अशी नोंद झाली, की घरात पहिली चिंता पैशाची सुरू होते. गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यात किंवा आसपासच्या गावात राहणाऱ्या कुटुंबाने आधी हे लक्षात घ्यावे: या आजाराच्या औषधाला, तपासणीला आणि खास आहाराला अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात पैसे पडत नाहीत. पैसे जातात ते बुडालेल्या मजुरीत, जाण्यायेण्यात आणि नको त्या डब्यांत.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दोन्ही पावलांवर सूज, यांपैकी एकही असले तर मूल सॅम. मोजमाप अंगणवाडीत होते, खर्च शून्य. त्यानंतर दवनीवाड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर तपासतात आणि मुलाला भूक आहे का, हे समोर खाऊ घालून बघतात. या भूक चाचणीवरच पुढचे सगळे ठरते. मूल आवडीने खात असेल, ताप, सूज किंवा दुसरी गुंतागुंत नसेल, तर त्याला दवाखान्यात ठेवायची गरज नाही. जंतनाशक, प्रतिजैविक, जीवनसत्त्वाची मात्रा केंद्रातून मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. तो निर्णय तिथे लागू नाही, म्हणून तिकडे पाठवले तर केसपेपर आणि तपासणीपुरते सुटे पैसे जवळ असू द्या.

घरी राहून उपचार ही पद्धत आली कुठून, हे सांगण्यासारखे आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत जगभर असे प्रत्येक मूल दाखल करून घेत. दुष्काळात आणि निर्वासितांच्या छावण्यांत ते जमेना. आई एका लेकरापाशी आठवडेच्या आठवडे बसली तर बाकीच्यांचे काय? २००० साली इथिओपियात शेंगदाणा आणि दूधभुकटीची तयार पेस्ट घरी देऊन, आठवड्याला एकदा तपासून मुले बरी करून दाखवली. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने या पद्धतीला मान्यता दिली. म्हणजे आईचा वेळ हाच खर्च, ही गोष्ट या उपचाराच्या मुळातच आहे, आणि रोवणीच्या दिवसांत धानपट्ट्यातल्या बाईला ती कोणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडे हे काम गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात चालते. सेविका त्याला व्हीसीडीसी म्हणतात. मुलाला अंगणवाडीतच दिवसातून अनेकदा जास्त ताकदीचे खाणे देतात आणि नियमित वजन करतात. अन्न सुरक्षा कायद्याने कुपोषित मुलासाठी दिवसाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने ठरवली आहेत. २०१७ मध्ये केंद्राने त्यासाठी धरलेला दर होता रोज १२ रुपये. एवढ्यात काय येते, हे बाजार करणाऱ्याला माहीत आहे. म्हणून घरून थोडी भर घाला: एक अंडे, मूठभर शेंगदाण्यांचे कूट, दोन चमचे तेल, गुळाचा खडा. पंधरा रुपयांच्या आसपास भागते. भाताची पातळ पेज पोट भरते, वजन वाढवत नाही. पेज द्यायचीच तर घट्ट करा आणि तेल घाला. अंगणवाडीतून घरी आणलेले शिध्याचे पाकीट चार भावंडांत वाटले गेले तर आजारी मुलाच्या वाट्याला काहीच राहत नाही.

आता फुकट जाणारा पैसा. चारशे-पाचशे रुपयांचा ताकदीच्या पावडरीचा डबा हा या आजाराचा उपचार नव्हे. त्याच रकमेत महिनाभराची वरची भर निघते. ‘अशक्त आहे, एक सलाईन लावून द्या’ हा आग्रह तर धोक्याचा आहे. अशा मुलाच्या हृदयाला शिरेतून गेलेले जादा पाणी पेलत नाही आणि जीवावर बेतू शकते. लोहाचे टॉनिकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मूल खातच नसेल, सुस्त पडले असेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील किंवा पावले सुजली असतील तर वाट पाहू नका. १०८ ची गाडी फुकट येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर थेट दवाखान्यातच न्यायचे. पुढे पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावे लागते. खाट आणि जेवण मोफत, पण मजुरी बुडते. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर ३१२ रुपये धरला तर १४ दिवसांचे ४,३६८ होतात. सोबतच्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. दाखल होतानाच रक्कम विचारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत न्या. खाट रिकामी आहे का, हे निघण्याआधी आशाताईंना फोनवर विचारून घ्यायला सांगा, म्हणजे एक फेरी वाचते.

घरी उपचार चालू असताना दर आठवड्याचा आकडा स्वतः बघा. सात किलोच्या मुलाचे वजन चांगल्या प्रतिसादात आठवड्याला पाव किलोच्या आसपास वाढते. दोन आठवडे काटा हललाच नाही तर डॉक्टरांकडे परत जा. दंडघेर लागोपाठ दोन भेटींत १२.५ च्या वर दिसेपर्यंत उपचार सोडू नका.

वीटभट्टीवर किंवा नागपूरकडे कामाला निघताना सेविकेकडून वजनाची नोंद लिहून घ्या. जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत नाव लागते, मुलाचे स्वतःचे आधार कार्ड सक्तीचे नाही, मात्र शिधा घेताना आईची आधार नोंद आणि चेहऱ्याची ओळख मागतात. नाव घ्यायला कोणी नकार दिला तर त्या भागातल्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.